पट्टीवरची फुली

आमच्या गावाला नदी नाही, किल्ला नाही, जत्रेला गर्दी व्हावी असा देवही नाही. विमानाची एक पट्टी तेवढी आहे. वडवणीच्या अलीकडे फाट्यावर उतरून कोणालाही विचारा, पिंपळमाळाची पट्टी कुठं? तो हात करून दाखवील आणि वर विचारील, "सोयाबीन वाळू घालायचंय का?"

त्या पट्टीचा राखणदार मी, आश्रुबा. कागदावर मी बांधकाम खात्याचा मैलकुली, म्हणजे रस्त्याचे खड्डे बुजवणारा माणूस. एकतीस वर्षांपूर्वी एका साहेबाने "दोन महिने जरा पट्टीकडं बघ" म्हणून मला इकडे पाठवलं आणि त्याची बदली झाली. माझे ते दोन महिने काही संपले नाहीत. ते या एकतीस ऑक्टोबरला संपणार होते, कारण त्या दिवशी मी रिटायर होणार होतो. माझ्या जागी दुसरा माणूस येणार नाही, हे खात्याने आधीच सांगून टाकलं होतं.

पट्टी बहात्तरच्या दुष्काळातली. माझ्या आईने तिची खडी फोडली आहे. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि तिला मडक्यातून पाणी नेऊन देत होतो. लांबी नऊशे मीटर, वर डांबर. माझ्या राखणीत तिच्यावर अकरा विमानं उतरली. शेवटचं उतरलं त्याला चौदा वर्षं झाली. बाकी तिच्यावर काय उतरलं नाही ते विचारा. सोयाबीन, तूर, लग्नाचे मांडव, ऊसतोडीला निघालेले ट्रक, क्रिकेटच्या टीमा, आणि नवी मोटारसायकल घेतलेला प्रत्येक जावई. मी रोज सकाळी एका टोकापासून झाडायला लागायचो, खडा दिसला की उचलायचो, गवत दिसलं की उपटायचो. रस्त्याने जाणारा विचारायचा, "नाना, आलं का इमान?" आणि हसायचा. सुरुवातीला मला राग यायचा. मग मीही हसायला लागलो. मग तेही सोडून दिलं. खरं सांगतो, मी झाडून थकलो नाही, लोकांना बाजूला सारून थकलो. दर सुगीला त्याच माणसांना तेच सांगायचं, आणि त्यांनी दरवेळी नव्याने ऐकल्यासारखं तोंड करायचं.

सप्टेंबरात तेजश्रीताई आल्या. वय पस्तिशीचं, पुण्याकडच्या. त्यांचं दोन माणसं बसतील एवढंच विमान आहे, आणि तसलीच हौस असलेली दहा-बारा माणसं त्यांच्या सोबतीला. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी विमान घेऊन हिंडतात, आणि आडरानातल्या जुन्या पट्ट्या मोडू नयेत म्हणून खटपट करतात. आमची पट्टी सरकारी यादीतून काढून तिथे गोदामं बांधायचं ठरत आलं होतं. ताईंनी अर्ज केला, की पट्टी आम्हाला सांभाळायला द्या. खात्याने एक अट घातली. ऑक्टोबर संपायच्या आत, आमच्या अधिकाऱ्यासमोर, या पट्टीवर एक विमान उतरवून दाखवा. उतरलं तर पट्टी राहील. नाही उतरलं तर विषय मिटला.

ताई गाडीतून उतरल्या आणि पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. मी मागे. मध्येच त्या वाकल्या, एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. थोडं पुढे गेल्यावर दुसरा. एकतीस वर्षांत माझं काम दुसऱ्या माणसाला करताना मी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यात पाणी आलं, ते मी ऊन लागलं म्हणून पुसलं.

पट्टीच्या पूर्व टोकाला माझी दोन खोल्यांची चौकी आणि वारा कुठला हे दाखवणारी पिशवी. सरकारी पिशवी कधीच फाटली. आता तिथे आहे ती माझ्या बायकोच्या, रुक्मिणीबाईच्या केशरी लुगड्याची, मी शिवलेली. गावात तिला आश्रुबाची झोळी म्हणतात. ताईंनी तिचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "काका, या दिवसांत वारा पूर्वेकडून असतो. विमान वाऱ्याला तोंड करून उतरतं, म्हणजे मी पश्चिमेकडून खाली येणार. मला दोन्ही टोकं मोकळी हवीत. आणि काही घोळ असला तर पट्टीवर मोठी पांढरी फुली टाका. वर गेल्यावर माझा फोन लागणार नाही. आमच्यात फुली म्हणजे पट्टी बंद. ती दिसली की मी उतरणार नाही."

"फुलीची येळ न्हाई येणार, ताई," मी म्हणालो. "ती पाळी मी एकदाबी येऊ दिली न्हाई."

दिवस ठरला भाऊबीजेनंतरचा रविवार, सकाळी आठ. नेमकी सुगी. मी घरोघर फिरलो. साखराबाईच्या दारात तीनदा गेलो. ही बाई दर वर्षी पट्टीच्या मधोमध सोयाबीन पसरते आणि मी दर वर्षी तिला उठवतो. आमचं ते भांडण माझ्या नोकरीइतकंच जुनं आहे.

"कावून रं नाना, तुह्या इमानाला माह्या सोयाबीनवरून जाता येत न्हाई व्हय?"

"साखराक्का, ही एक सुगी. हात जोडतो."

"बरं बाबा. पर तू रिटायर झाल्यावर इचारणार बी न्हाई मी."

मग ऊसतोडीचा मुकादम शहादेव. त्याच्या टोळीचे ट्रक दर वर्षी पट्टीवर भरतात. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, माणसं, सगळं घेऊन कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोड्या, साखर कारखान्याकडे निघतात. तो विजयसिंह दादांचा उजवा हात. विजयसिंह दादा म्हणजे आमचे पुढारी, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. शहादेवला मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "नाना, गावात इमान यायलंय, ह्या आमच्या इज्जतीचा प्रश्न हाय. ट्रक शाळंम्होरं लावतो. तुमी बिनघोर ऱ्हा."

आणि खरंच त्याने ट्रक शाळेसमोर लावले. सोयाबीन लोकांनी आपापल्या छपरांवर नेलं. शनिवारी सकाळी मी पट्टीवर उभा राहिलो, तर नऊशे मीटरमध्ये एक शेळी नव्हती. मला वाटलं, एकतीस वर्षं बोललेलं एकदाचं गावाच्या कानात शिरलं.

धाकटी बहीण तुळजाबाई लिंबागणेशला दिली आहे. भाऊबीजेला मी गेलो नव्हतो, पट्टी सोडून कसा जाणार? तिचा रोज फोन. "दादा, तबक भरून ठेवलंय, तेलवात वाळून चालली." शनिवारी पट्टी इतकी मोकळी दिसली की मी दुपारची गाडी धरली. एक रात्र. ओवाळून घ्यायचं, जेवायचं, आणि पहाटे निघायचं. मी ठरवल्याप्रमाणेच केलं. भाच्याने मोटारसायकलवर सातच्या ठोक्याला गावात आणून सोडलं.

पट्टीच्या पश्चिम टोकाला, अगदी जिथे विमानाची चाकं टेकायची तिथे, कमान उभी होती.

लोखंडी खांबांची, वीस फूट उंच. वर विजयसिंह दादांचा हात जोडलेला फोटो, आणि 'सहर्ष स्वागत'. झेंडूच्या माळा सोडलेल्या. कमानीतून आत पट्टीच्या मध्यावर चुन्याचं भलंमोठं वर्तुळ, वर्तुळात इंग्रजीतला एच, त्याभोवती बांबूचं कुंपण. एका बाजूला मंडप, खुर्च्या, माईक. वर्तुळापासून मंडपापर्यंत पांढऱ्याशुभ्र पायघड्या. टँकरने पाणी मारून धूळ बसवलेली. धूर दिसावा म्हणून एका कडेला ओला पाला पेटवायची तयारी.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्याकडे पुढारी येतो तो हेलिकॉप्टरने. त्याची तयारी झोपेतसुद्धा करील असा माणूस गावोगाव आहे. चुना, एच, कुंपण, टँकर, धूर. गावाने जे येत होतं ते सगळं केलं होतं, आणि मनापासून केलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय म्हणू?

"शहादेव!" मी ओरडलो तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "ही कमान कुणी लावली बे?"

शहादेव रात्रभर जागलेला, डोळे लाल, पण चेहरा खुललेला. "आमीच की, नाना. रातभर पंचवीस माणसं लावलती. कसं वाटतंय?"

"काढ ती. आत्ताच्या आत्ता. इमान येणार कुठून?"

"कमानीतून की!" तो मला लहान पोराला समजवावं तसं म्हणाला. "आमी काय अडाणी हाय का, नाना? ताईच्या इमानाचं पंख किती लांब हायती ते पुण्याला फोन लावून इचारलं. तीस फूट. आमी कमान चाळीस फूट रुंद धरली. इकडून पाच, तिकडून पाच फूट मोकळं."

त्यांनी पंख मोजले होते. विमान लांबूनच जमिनीवर येईल आणि पुढाऱ्याच्या गाडीसारखं कमानीखालून सावकाश आत येईल, लोक फुलं टाकतील, असं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. विमान वरून तिरकं येतं, त्याला टोकापासूनची सगळी जागा लागते, हे मी महिनाभर सांगत होतो. त्यांनी त्यातलं एवढंच ऐकलं होतं की विमान पश्चिमेकडून येणार.

खांबांपाशी गेलो. डांबर पहारीने फोडून हातहातभर खोल खड्डे घेतले होते, आणि त्यात सिमेंट ओतलेलं. चार खड्डे. ज्या डांबरावर मी रुपयाएवढी भेग पडू दिली नाही, त्यात चार खड्डे. मी खांब हलवून पाहिला. हलला नाही.

"गॅसनं कापा," मी म्हणालो. "वेल्डिंगवाला कुठंय?"

मग एकजण हळूच म्हणाला, "नाना, वर दादांचा फोटो हाय. दादांनी अजून बघितला बी न्हाई. त्यांनी बघायच्या आधी कोण पाडील?"

मी कुऱ्हाड मागितली, कोणी दिली नाही. चौकीतून पहार आणून सिमेंटवर घाव घालायला लागलो, तर तिसऱ्या घावाला दोघांनी मला मागून धरलं. जोराने नाही, मायेनेच धरलं. "नाना, बीपी वाढंल," म्हणाले. मी ताईंना फोन लावला. बंद. त्या वर गेल्या होत्या.

रुक्मिणीबाई मंडपात बायकांबरोबर आरतीचं ताट घेऊन उभी होती. अंगावर ठेवणीतली साडी. तिच्यावरही मी ओरडलो. "तुला कळलं न्हाई व्हय? रातच्याला फोन करायचा न्हाई का?"

"मला वाटलं तुमालाच इचारून चाललंय," ती म्हणाली. "सगळे तुमचंच नाव घेत व्हते. नानाचं इमान, नानाचं इमान, म्हणून राबत व्हते रातभर."

आठला दहा कमी असताना दादांच्या चार गाड्या कमानीखालून आत आल्या. मागच्या गाडीत खात्याचा अधिकारी, हातात फाईल. मी धावत गेलो, हात जोडले, आणि जेवढं सांगता येईल तेवढं एका दमात सांगितलं. दादा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आश्रुबा, इतकी वर्षं एकट्यानं केलंस. आज गाव करतंय, तर करू दे की. माझी एवढी मोठी गाडी आली कमानीतून. इमान काय हिच्यापरीस मोठं असतंय?"

"दादा, गाडी खालून आली. इमान वरून येतंय."

"मग खाली आल्यावर येईल आत," दादा म्हणाले, आणि लोक हसले. अधिकारी घड्याळात पाहत होता. त्याला बोललो, तर म्हणाला, "माझं काम फक्त उतरलं का नाही ते लिहिणं."

तेवढ्यात आवाज आला. नारायणगडाच्या अंगाने, लांबून, एखादं इंजिन माळावर चालू केल्यासारखा. सगळ्या माना वर झाल्या. तांबड्या-पांढऱ्या रंगाचं इवलंसं विमान, उन्हात चमकणारं. चौदा वर्षांनी. लोक ओरडायला लागले, हलगीवाल्यांनी हलगी धरली. ताईंनी एक चक्कर मारली आणि त्या लांब पश्चिमेकडे गेल्या. आता त्या वळणार आणि पट्टीच्या रेषेत येणार. सूर्य त्यांच्या समोर, कमान त्यांच्या वाटेत, आणि पुढे पट्टीवर माणसं.

मी पायघड्यांपाशी गेलो आणि एक टोक धरून ओढलं. त्यावर ठेवलेल्या फुलांच्या परड्या उलटल्या. कापड लांब, जड, टँकरच्या पाण्याने भिजलेलं. मला एकट्याला ते ओढवेना. मी ओढतच होतो, तेवढ्यात ते हलकं झालं. मागे पाहिलं तर रुक्मिणीबाईने ताट खाली ठेवलं होतं आणि दुसरं टोक धरलं होतं. तिने काही विचारलं नाही. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी ते कापड घेऊन कमानीच्या आतल्या बाजूला मोकळ्या डांबरावर पळालो आणि तिरकं पसरलं. परत गेलो, दुसरं आणलं, आणि त्याच्यावर आडवं टाकलं. एकतीस वर्षं जी पट्टी उघडी ठेवली ती मी माझ्या हाताने बंद करत होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग.

विमान खाली येत होतं. खाली, आणखी खाली. मी फुलीच्या मध्यावर उभा राहून दोन्ही हात हलवत होतो, आणि तोंडाने काय बोलत होतो ते मला आठवत नाही. आणि मग इंजिनाचा आवाज एकदम चढला. विमानाने नाक वर केलं. कमानीवरून, झेंडूच्या माळा हलतील इतक्या जवळून ते गेलं, आमच्या डोक्यावरून गेलं, आणि पूर्वेला माझ्या झोळीवरून वर चढलं. ताईंनी आणखी एक चक्कर घेतली, उंचावरून. जाताना पंख एकदा इकडे आणि एकदा तिकडे कलवले आणि त्या पुण्याच्या दिशेला गेल्या.

गाव नाचत होतं. "सलामी दिली! इमानानं दादाला सलामी दिली!" शहादेव माझ्या गळ्यात पडला. दादांनी माईकवर भाषण केलं, मला शाल आणि नारळ दिला, आणि पिंपळमाळाच्या इतिहासातला हा सोन्याचा दिवस म्हणाले. मला कोणाचा राग येईना. राग यायलाही अंगात काही लागतं. अधिकाऱ्याने नाश्ता केला आणि फाईल उघडली. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. 'विमान धावपट्टीवर उतरले नाही.' खाली साक्षीदार म्हणून त्याने माझी सही घेतली.

दुपारी ताईंचा फोन आला.

"काका, फुली कोणी टाकली?"

"मीच."

त्या म्हणाल्या, "सूर्य अगदी डोळ्यांवर होता. ती कमान मला दिसलीच नव्हती. फुली दिसली म्हणून मी वर घेतलं, आणि मग कमान दिसली, चाकांच्या खाली. काका, तुम्ही फुली टाकली नसती तर मी आत्ता तुमच्याशी बोलत नसते."

"जेवलात का, ताई?" मी विचारलं.

"एकतीस तारखेच्या आत परत येता येतंय का ते विचारलं मी. परवानगी मिळत नाही. मी लिहीन त्यांना सगळं. पण त्यांना एकच उत्तर हवं आहे, उतरलं का नाही."

"तुमच्या वहीत काय लिवलं?" त्यांची एक वही असते, कुठे गेलो, कुठे उतरलो, हे त्यात लिहावंच लागतं. त्यांनीच दाखवली होती.

"जे झालं तेच लिहावं लागतं, काका." त्यांनी वाचून दाखवलं. "पिंपळमाळ. पट्टी बंद. राखणदाराने तशी खूण केली."

मी फोन ठेवला. एकतीस वर्षांत या पट्टीच्या राखणदाराबद्दल कोणी वहीत काही लिहिलं असेल तर ते एवढंच.

संध्याकाळी मंडप गेला, खुर्च्या गेल्या. कमान तशीच होती, दादांना ती तुळशीच्या लग्नापर्यंत हवी होती. फुलीही तशीच होती. मी चौकीच्या पायरीवर शाल पांघरून बसलो होतो. झाडू भिंतीला टेकवलेला. रुक्मिणीबाईने चहा आणून ठेवला होता, तो निवून गेला.

साखराबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. मागे तिची सून, तिच्याही डोक्यावर पाटी. साखराबाई फुलीपाशी थांबली आणि पायाने कापड चाचपून पाहिलं.

"नाना, कापड लई ब्येस हाय. खडं लागणार न्हाईत." मग दरवर्षीसारखा आवाज चढवून तिने विचारलं, "घालू का वाळू?" आणि भांडायच्या तयारीने पाटी कमरेवर घेतली.

"घाल," मी म्हणालो.

तिला ते खरं वाटलं नाही. ती माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली. मग तिने परत विचारलं, या वेळेस हळू आवाजात.

"घाल, साखराक्का," मी म्हणालो. "पट्टी बंद हाय."